अर्धे फुटाणे

दरवर्षी नागपंचमीच्या आधी मी आणि माझा मित्र नागदेवाच्या यात्रेला नागद्वारीचा पहाड चढतो. मी सौंसरचा, शाळेतून निवृत्त झालेला मास्तर; तो रामाकोन्याचा, संत्र्याच्या बगीच्यात जन्म काढलेला. त्या पहाडात कोणी कोणाला नावानं हाक मारत नाही. ओळखीचा असो की अनोळखी, प्रत्येक जण ‘भगत’. आम्हीही तीस वर्षं तेवढा एक दिवस एकमेकांचे भगतच.

यंदा आदल्या दिवशी त्याला घ्यायला गेलो, तर वहिनी दारातच आडव्या आल्या. “भाऊजी, ते आताशा लय विसरून राहिले. परवा आपल्याच बगीच्यातून घरचा रस्ता पुसत आले. यंदा राहू द्या.”

मला राग आला. माणूस जरा विसरला की घरचे लगेच त्याला खाटेला बांधायला निघतात! “पहाड त्याच्या पायाले पाठ आहे, वहिनी. पहा, कसा ठणठणीत आणून देतो,” अशी फुशारकी मारून मी त्याला घेऊन निघालो. खरं तर भीती मलाही वाटत होती. बसमध्ये तो माझ्याकडे पाहून नुसता हसत होता.

पण पहाडात पाऊल टाकलं आणि तो पार बदलला. चिखलात मी दोनदा आपटलो, तो एकदाही नाही. लोखंडी शिडीपाशी म्हणाला, “तिसरी पायरी हालते, भगत. जपून.” खरंच हालत होती. पुढचा झरा, झऱ्यापलीकडचा आंबा, सगळं तो आधीच सांगत होता. मी मनातल्या मनात वहिनींशी भांडत होतो आणि जिंकत होतो.

वर दर्शन झाल्यावर त्यानं दुपट्ट्याची गाठ सोडली. गाठीत घरून आणलेले फुटाणे असतात. अर्धे त्याचे, अर्धे माझे, हे ठरलेलं. यंदा त्यानं अर्धे खाल्ले आणि उरलेले परत बांधून ठेवले.

“कंजूष झाला का बे?” मी म्हणालो. तो हसला. मीही हसलो.

खाली उतरून चहाच्या टपरीवर बसलो. अंगभर चिखल होता, पण इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. त्यानं बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि अदबीनं विचारलं, “तुम्ही कोण्या गावचे, भगत?”

तीस वर्षांत त्यानं मला कधी ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही. मी कसाबसा म्हणालो, “सौंसरचा.”

त्याचा चेहरा खुलला. “सौंसरले माहा दोस्त आहे. मास्तर. दरवर्षी संग येते. यंदा काऊन नाही आला, समजूनच नाही राहिलं. भांडण तं नव्हतं झालं आमचं.” गाठ सोडून त्यानं फुटाणे माझ्या ओंजळीत ओतले. “त्याच्या वाट्याचे आहेत. भेटला तं देऊन द्या.”

देतो, म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? दिवसभर ‘भगत’ ऐकून मी हुरळलो होतो. तो बिचारा एका परक्या माणसाला सांभाळून नेत होता, एवढंच.

रामाकोन्याला मीच त्याला हात धरून बसमधून उतरवलं. वहिनी वाटच पाहत होत्या. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि त्याचा दुसरा हात धरला.

“या, चहा घेऊन जा, भगत,” तो मला म्हणाला. पहाड केव्हाच मागे राहिला होता.