मोगऱ्याला सांगितलेलं

मिरजेच्या स्टेशनवर बंगलोरची गाडी सुटता सुटता मोगऱ्याच्या रोपाचा डबा खिडकीतून आत दिलात तो तुम्हीच, वन्सं. सासूबाईंनी तो मांडीवर घेतला. मी पदराने डोळे पुसत होते. माझ्याकडे न बघता त्या रोपाला म्हणाल्या, "रडायचं नाही हं. तिथेही माणसंच राहतात." मी रडणं आवरलं. मी नवी सून, पण तुमच्या आईची बोलायची रीत तोवर मला कळली होती.

शाळेत अन्योक्ती शिकवली होती. बोलायचं कोकिळेला, लागायचं माणसाला. तुमच्या घरी तो अलंकार रोजच्या वापरातला निघाला. आमटी खारट झाली की सासूबाई तुम्हाला म्हणायच्या, "समुद्र जवळ आला वाटतं गं मिरजेच्या," आणि दुसऱ्या दिवशी मी मीठ बेताने घालायची. लेकी बोले सुने लागे. उत्तरही तसंच आडून द्यायचं. त्यात कुणाचा पाणउतारा होत नसे, कुणाला काही मागावं लागत नसे.

बंगलोरला लेक नव्हती. तुमची जागा मोगऱ्याला मिळाली.

बसवनगुडीतलं घर चांगलं होतं, तुमच्या दादांची कारखान्यातली नोकरी त्याहून चांगली. वर्षं सरली तरी मोगरा मात्र फुलेना. शेजारच्या अक्का, पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच मराठी, कानडी मिसळून म्हणायच्या, "स्वल्प ऊन दाखवा, सरी होईल." थोडं ऊन मिळालं की ठीक होईल, असं. सासूबाईही वाळत चालल्या. देवळात कानडी, बाजारात कानडी, आणि नात शैला शाळेतून आली की तिच्या तोंडी इंग्रजी.

एका सकाळी पाणी घालता घालता त्या मोगऱ्याला म्हणाल्या, "तुला नाही रे मानवत इथलं. पानं गळायचीच, तर आपल्या मातीत गळावीत." दादा शेजारीच दाढी करत होते. त्या रविवारी त्यांनी पोतंभर माती आणि शेणखत आणलं, घाम गाळून मोगरा मोठ्या कुंडीत लावला. सासूबाई बघत राहिल्या. "छान केलंस," म्हणाल्या.

मी दादांना सांगितलं, सासूबाई झाडाबद्दल बोलत नव्हत्या. "मग सरळ सांगायला काय होतं?" म्हणत ते उठले आणि त्यांनी आईला सरळच विचारलं, "तुला मिरजेला परत जायचंय का?"

सासूबाईंचा चेहरा उतरला. "छे रे, मला काय कमी आहे इथे?"

"ऐकलंस?" दादा मला म्हणाले. त्यांच्या लेखी विषय संपला. मला रागही धड येईना. दिवसभर यंत्रांशी गाठ असलेला माणूस, आणि यंत्र आडून बोलत नाही. पण सरळ विचारल्यावर हो म्हणणं म्हणजे लेकाचं घर नको म्हणणं. ते त्यांच्या तोंडून कधी निघालं नसतं. त्यानंतर त्या मोगऱ्याशी बोलल्या नाहीत. पाणी घालायच्या आणि आत यायच्या. त्याच थंडीत गेल्या.

तुम्ही येईपर्यंत सगळं उरकलं होतं. "आई काही म्हणाली का?" तुम्ही विचारलंत. मी चहा ठेवायला आत गेले. म्हणाल्या होत्या, वन्सं. मोगऱ्याला म्हणाल्या होत्या.

उन्हाळ्यात तो मोगरा लगडला. "बघ, मातीचाच दोष होता," दादा म्हणाले. मी त्या वर्षी एकही गजरा केला नाही.

शैलाला आता शाळेत इंग्रजीतून अलंकार शिकवतात. व्याख्या घडाघडा म्हणते, मार्कही पैकीच्या पैकी. परवा पाणी घालताना माझ्याही तोंडून निघून गेलं, "किती वर्षं झाली रे, तुझ्या गावचं कुणी भेटलं नाही तुला." बोलले आणि सवयीने थांबले. मिरजेच्या घरी माहेरच्या आठवणीने असं बोलले असते तर आतून कुणीतरी म्हणालं असतं, "भेटतील हो, मे महिन्यात." झाडाला बोललेलं जिथे माणसाला ऐकू जातं, ते माझं घर. बाकी सगळ्या भाड्याच्या खोल्या.

शैलाने पुस्तकातून डोकं वर काढलं. "आई, त्याला स्वल्प खत घालू का?"

"घाल," मी म्हटलं.