वाचता येईल अशी रेघ

चुकलेला आकडा खोडायची अण्णांची एक पद्धत होती. आधी पेनाचं टोपण दातात धरायचं, मग पट्टी ठेवायची आणि आकड्याच्या पोटातून एक बारीक रेघ ओढायची. आकडा बाद व्हायचा, पण ओळखू यायचा. शेजारी नवा आकडा, त्याखाली सही. कुणी गिचमिड करून खोडलं, की त्याच्यासमोर रजिस्टर उघडं ठेवून म्हणायचे, "मर्दा, खोडल्यालं दिसाय पायजे की. न्हायतर आधी काय हुतं ते कुणाला इचारू?"

कोल्हापुरातल्या एका दूध संघात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. अण्णा तपासणी विभागात होते, राधानगरीकडचे. गावोगावच्या दुधाचं फॅट त्यांच्या नजरेखालून जायचं. कॅंटीनचा चहा पातळ असला तर कपाकडे बघूनच "दीड" म्हणायचे आणि पिऊन टाकायचे. टेबलावर कुणी व्हाइटनरची बाटली विसरलं, तर उचलून बाथरूममध्ये फिनेलच्या शेजारी ठेवून यायचे. "सफाईचं सामान हाय," म्हणायचे.

पुढे संघाची सगळी माहिती क्लाउडवर गेली. मी सगळ्यांना जमवून नवी व्यवस्था समजावली. शेवटी अण्णांनी एकच विचारलं, "बदल केल्याव जुना आकडा जातोय कुठं?"

आता मंडळी, अशा वेळी मला साधं उत्तर देववत नाही. मी बाह्या सरसावल्या. पडद्यावर सगळ्यांना आख्खा मे महिना दाखवला आणि पुसून टाकला. मागे कुणाचा तरी "आयला" ऐकू आला. मी पाणी प्यायलो, रुमालाने तोंड पुसलं आणि एक ओळ टाइप केली. मे महिना परत.

"आणि एकदा दावा," अण्णा म्हणाले. मी तीनदा दाखवला.

"पुसल्यालंबी परत येतंय म्हंजे माझ्यापरास शानं हाय ह्ये," असं म्हणून त्यांनी रजिस्टर ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. तीस वर्षांची सवय माझ्या एका खेळावर सोडली.

एक गोष्ट मी सांगितली नव्हती. पुसलेलं, बदललेलं किती दिवस परत मागता येईल, याची मुदत ठरवावी लागते. सेटिंगमध्ये एक चौकट असते, तिथे आकडा भरायचा. आमच्याकडे एकपासून नव्वद दिवसांपर्यंत चालतं, आणि क्लाउडच्या कंपनीने आधीच "एक" भरून दिलेला होता. मी तो तसाच ठेवला. जास्त दिवस ठेवलं तर जागेचं भाडं वाढतं, बैठकीत चार प्रश्न येतात. शिवाय चूक झाली तर माणूस त्याच दिवशी ओरडेल, असं मला वाटायचं. आणि त्या दिवशी सांगितलं नाही, कारण खेळ रंगला होता.

पावसाळ्यात एका संकलन केंद्रावरचं मशीन बिघडलं आणि आठवडाभर फॅट वाढवून दाखवत राहिलं. अण्णांनीच ते पकडलं. त्या केंद्रावरच्या सगळ्या गावांचे आकडे त्यांनी कॉम्प्युटरवर बसून खाली आणले. त्यात त्यांची सासुरवाडीही होती. "घरात सांगितलं, तर ऐतवारी मटणाच्या जागी वरणभात," ते मला हसत सांगत होते. "माह्यारचं फॅट उतारल्याव दुसरं काय मिळणार?"

तीन आठवड्यांनी शेजारच्या गावातून तक्रार आली. सासुरवाडीच्या म्हशी चांगल्या. आकडा उतरवूनही त्या केंद्रावर त्यांचाच वर राहिला होता. मशीनचं निमित्त करून अण्णांनी सासऱ्यांचं फॅट वाढवलं, असं तक्रारीत लिहिलं होतं. पडद्यावर बदल केल्याची तारीख होती, अण्णांचं नाव होतं. जुना आकडा नव्हता.

चौकशीला तीन संचालक बसले. मला लॅपटॉप घेऊन बोलावलं.

"आधी किती होतं?"

"ह्याच्यापेक्षा जास्त हुतं."

"कशावरून?"

अण्णा माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच. "सायेब, काढा की परत."

पडद्यावर काय येणार ते मला ठाऊक होतं. तरी मी सगळ्यांसमोर ती ओळ टाइप केली. खेळ दाखवायची खोड, दुसरं काय. मागितलेली वेळ मुदतीबाहेर आहे, असं उत्तर आलं.

"म्हणजे तशी सोयच नाही सिस्टीममध्ये?" एका संचालकांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

सोय होती. मुदत मी एका दिवसावर ठेवली होती. दोन छोटी वाक्यं, आणि मला तर बोलायची एवढी हौस.

"त्या दिशी आल्तं न्हवं?" अण्णा हळू म्हणाले, मलाच ऐकू येईल असं. मी लॅपटॉप मिटला. आता ते संचालकांना सांगतील, म्हणून मी वाट बघत बसलो. त्यांनी पेनाचं टोपण दातात धरलं, पुन्हा लावलं आणि खिशात ठेवलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाले.

त्यांची बदली उचगावच्या पशुखाद्य गोदामावर झाली. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. ते तिकडे गेले नाहीत, इकडेही परत आले नाहीत.

चौकशीच्याच दुपारी मी त्या चौकटीत "नव्वद" भरलं. का, ते कुणी विचारलं नाही. मुदत वाढवली तर पुढचं राहतं. गेलेलं येत नाही.

राजीनाम्याचा कागद स्कॅनिंगसाठी माझ्याच टेबलावर आला. खाली मॅनेजरांची "मंजूर" अशी सही. वर अण्णांच्या अक्षरात पहिलं वाक्य होतं: "फॅट मी वाढवलेलं नाही, हे कॉम्प्युटरच्या साहेबांना माहीत आहे." ते खोडलं होतं. शेजारी लिहिलं होतं, "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे," आणि त्याखाली सही.

खोडताना पट्टी लावलेली होती. रेघ एकच होती, बारीक.