आम्ही झील धरली नाही

आमच्या गावच्या गायन पार्टीचा मुख्य गायक एका दिवाळीनंतर पार्टी सोडून अकोल्याला निघून गेला आणि त्याच्या जागी गावच्या एका जावयाला बसवलं. त्या जावयाचं आम्ही काय केलं, ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. बायकोला थोडं सांगितलं, पण त्यातही माझा वाटा कमी करून.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. गाव केनवडच्या बाजूचं. आमच्या बौद्धवाड्यातल्या विहारात पार्टीची तालीम चालायची आणि समोरच्या पटांगणात कार्यक्रम व्हायचे. माझा चुलतभाऊ पेटीवर, एक ढोलकीवाला, एक बेंजोवाला, मागे दोघं कोरसला आणि मधे गायक. जयंतीपासून पुढं पावसाला तोंड लागेपर्यंत पार्टीला गावोगावची बोलावणी यायची. मी शिक्षकाचा कोर्स करून नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसलो होतो. पार्टी जिथं जाईल तिथं सायकल काढून जायचं, एवढाच उद्योग. रिसोडला गेलो, शिरपूरला गेलो, एकदा सायकल पंक्चर झाली तर तीन कोस चालत गेलो, पण कार्यक्रम चुकवला नाही.

आम्ही असे दहा-बारा जण होतो. पुढची सतरंजी आमची. त्यावर दुसरं कुणी बसलं तर आम्ही उठवायचो, म्हणून गावात आम्हाला सतरंजीवाले म्हणत. आमच्याकडं एक काम होतं आणि त्याचा आम्हाला फार गर्व होता. कडव्याची शेवटची ओळ गायक अर्धी गाऊन सोडून देतो, ती समोरच्या लोकांनी उचलायची आणि ध्रुवपद पूर्ण करायचं. याला झील धरणं म्हणतात. तेवढ्या वेळात गायक दम घेतो, पाण्याचा घोट घेतो. झील जोरात उचलली गेली तर गायकाला पुढच्या कडव्यासाठी अंगात बळ येतं. कोरसवाले दोघंच, त्यांचा आवाज किती पुरणार. खरी झील आमचीच.

जुना गायक काळी चारवर गायचा. पेटीवरची ही पट्टी पुरुषाच्या गळ्याला फार उंच. कडव्याच्या शेवटी तो सूर वर नेऊन ठेवायचा आणि धरून राहायचा. ढोलकीवाला हात थांबवून त्याच्या तोंडाकडं बघत बसायचा. आम्ही त्याच्यासारखे केस वळवायचो, गळ्यात त्याच्यासारखा रुमाल बांधायचो. तो आमच्याशी फारसा बोलत नसे. एकदा त्यानं मला विडी आणायला पाठवलं, त्याचाही आनंद मला कितीतरी दिवस पुरला.

आणि हा माणूस न सांगता गेला. अकोल्यातल्या मोठ्या पार्टीनं त्याला बोलावलं, त्यांचा स्वतःचा माईक होता. आम्हाला हे कळलं एसटीच्या कंडक्टरकडून. त्याच्यावर रागवायला हवं होतं, पण त्याच्यावर रागवायची आमची छाती नव्हती. तो राग नव्या माणसाची वाट बघत आमच्यात बसून राहिला.

नवा माणूस माझ्याच वयाचा. मानोऱ्याकडचा, पोहरादेवीच्या पलीकडच्या एका लहान गावचा. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याची एकुलती एक मुलगी त्याला दिली होती आणि म्हाताऱ्याला दुसरं कुणी नसल्यामुळं तो सासऱ्याकडंच राहायला आला होता. माझ्या चुलतभावानं विहारात वंदनेच्या वेळी त्याचा आवाज ऐकला आणि त्याला पार्टीत घेतलं. त्याचा आवाज खालचा, मऊ. काळी एकच्या वर तो सहसा जात नसे.

घरजावई म्हणजे साऱ्या गावाचा जावई, आणि सारं गाव त्याचा साळा. साळ्यांनी थट्टा करायची आणि जावयानं हसायचं, अशी रीत. तो चिडला तर दोष त्याचाच. आम्हाला यापेक्षा सोयीचं काही मिळालं नसतं.

"काय बाप्पा जवाई," हॉटेलात कुणीतरी सुरू करायचं, "आवाज गावीच इसरून आले काय?"

"इसरले नाही, सासऱ्याच्या घरी मोठ्यानं बोलाची मनाई हाय त्याईले."

"मंग गाते कायले? भाकर वाढ म्हनाले?"

तो हसायचा. कपातला चहा बशीत ओतायचा आणि मान खाली घालून हसत प्यायचा. सुरुवातीला एखादं उत्तरही द्यायचा, पुढं पुढं नुसताच हसायचा.

मग आम्ही तालमीच्या वेळी विहाराच्या खिडकीखाली बसून बकरीसारखं बें बें करू लागलो. चुलतभाऊ बाहेर येऊन शिव्या द्यायचा, आम्ही पळायचो. एका सकाळी आमच्यातल्या दोघांनी एक बकरी त्याच्या दारात नेऊन बांधली, तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. गल्ली हसायला जमा झाली. त्याची बायको दार उघडून बाहेर आली आणि तशीच आत गेली. तिला तेव्हा सातवा महिना होता. शेवटी सासऱ्यानं येऊन बकरी सोडली. म्हाताऱ्याला गाठ सुटत नव्हती, तर त्यावरही आम्ही हसलो.

त्यानं पार्टी का सोडली नाही, हे मला नंतर कळलं. दिवसभर तो सासऱ्याच्या शेताच्या तुकड्यात राबायचा, पण गावात त्याला कुणी कशासाठी बोलवत नसे. मधे बसून गाणारा माणूस, एवढीच एक ओळख त्याला या गावात मिळू शकत होती. ती मिळाली तर तो या गावचा, नाहीतर जन्मभर कुणाच्या तरी पोरीचा नवरा.

एका दुपारी मी शेताकडून येत होतो. विहिरीजवळ तो कांद्याला पाणी देत होता. फावड्यानं दांड फोडत, बुजवत, तो जुन्या गायकाचंच एक गाणं म्हणत होता, पण आपल्या पट्टीत, सावकाश. मी बाभळीच्या मागं उभा राहिलो. ते गाणं मी शंभरदा ऐकलं असेल, झील धरून माझा घसा बसला असेल, पण त्याचे शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले. जुना गायक सूर वर नेऊन ठेवायचा तिथं हा खाली यायचा, जवळ बसून सांगितल्यासारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी पुढं गेलो आणि म्हणालो, "जवाई, लय चांगलं गाता तुमी."

त्यानं फावडं चिखलात रोवलं. "खरंच काय भाऊ?"

"खरंच."

"इथं कोनी म्हनलं नाही अजून," तो म्हणाला आणि पाणी सरीबाहेर जायला लागलं तरी तसाच माझ्याकडं बघत उभा राहिला.

हे मी सतरंजीवर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बकरीची माळ माझ्या गळ्यात पडली असती.

जयंतीचा कार्यक्रम जवळ आला. नव्या गायकाचा गावातला तो पहिला कार्यक्रम. आमचं ठरलं की त्या दिवशी झील धरायची नाही, तोंडं मिटून बसायचं. तेव्हा मीच म्हणालो, "नुसतं गप बसून काय होते? काळी एकवर तो आरामात गाऊन जाईन. त्याले वर चढवा लागते."

"अन् चढवते कोन?"

"मी. माह्यं ऐकते तो."

माझं तो का ऐकतो, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्यानं घोंगडी टाकली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. माझ्याशी बोलताना त्याचा चेहरा मोकळा झाला होता, हे मला दिसत होतं.

"जवाई, एक सांगू काय?" मी म्हणालो. "पयलं गानं त्याचं घ्या. त्याच्याच पट्टीत, काळी चारवर. एकडाव लोकाईनं झील उचलली का मंग तुमी तुमच्या आवाजात गा, कोनी काही म्हनत नाही."

"जमन काय मले?"

"काहून नाही जमनार? आमी पुढं हावोच ना."

बायको चुलीजवळून म्हणाली, "वर गेलं का आवाज फाटते त्याईचा. तालमीत पाह्यलं मी."

"एका गान्यापुरतं तं हाय," मी म्हणालो. तिनं मला चहा दिला. तो मी पूर्ण प्यालो.

जयंतीला मिरवणूक लवकर आटोपली. दिवेलागणीला पटांगण भरलं. बायका डाव्या बाजूला, पुरुष उजव्या बाजूला, पुढं आमची सतरंजी. त्यानं पांढरा सदरा घातला होता, नवाच असावा, घड्या मोडलेल्या नव्हत्या. चुलतभावानं पेटीवर काळी एक धरली.

"काळी चार, दादा," तो म्हणाला.

चुलतभावानं त्याच्याकडं पाहिलं. "कायले?"

"धरा तुमी."

पहिलं कडवं त्यानं ओढून नेलं. मानेच्या शिरा फुगल्या होत्या, तरी सूर लागला. मागच्या लोकांत कुणीतरी वाहवासुद्धा म्हणालं. कडवं संपताना त्यानं ओळ अर्धी सोडली आणि माझ्याकडं बघून हलकं हसला.

आम्ही तोंडं मिटून बसलो. कोरसवाल्या दोघांनी झील धरली, ती पटांगणात पोचलीच नाही. पुढं झील नाही म्हटल्यावर मागचे लोकही थांबले, कारण सवय तशीच होती, आधी आम्ही आणि मग सगळे. त्याला दम घ्यायला वेळ मिळाला नाही. ध्रुवपद त्यालाच उचलावं लागलं आणि त्यातूनच दुसऱ्या कडव्यात जावं लागलं. तिथं आवाज फाटला.

मागं हसू फुटलं. त्यानं परत माझ्याकडं पाहिलं. या वेळी हसला नाही, नुसतं पाहिलं, आता तरी उचला, असं. माझ्या शेजारचा मला कोपरानं ढोसत होता, त्याला हसू आवरत नव्हतं. मी समोरच्या बेंजोकडं बघत राहिलो.

तिसरं कडवं त्यानं का घेतलं असेल, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. बहुतेक माझ्या शब्दावर. झील आली की झालं, असं मीच सांगितलं होतं. तिसऱ्या कडव्यात आवाज नव्हताच, नुसती हवा येत होती. आणि तेव्हा मागून एकट्या माणसाची झील आली. त्याचा सासरा उभा राहून गात होता. म्हाताऱ्याला सूर नाही, ताल नाही, शब्द उलटसुलट. हात वर करून तो लोकांना उचला म्हणून खुणावत होता. लोक पोट धरून हसले.

"बुडा गाते चांगला, त्यालेच बसवा मधात," आमच्यातला एक ओरडला.

चुलतभावानं पेटीचा भाता बंद केला. कुणीतरी भोंग्यावर रेकॉर्डी लावा म्हणालं. बायकांच्या बाजूनं त्याची बायको उठली, पोटावर पदर धरून गर्दीतून वाट काढत आली आणि नवऱ्याला घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. गेलो नाही तर संशय येईल, म्हणून गेलो. तो खाटेवर बसला होता. बोलायला गेला तर फुसफुस आवाज आला.

"तुमचं काही चुकलं नाही भाऊ," तो म्हणाला. "माह्याच गळ्यात दम नाही."

ती उंबऱ्यात डाळ निवडत बसली होती. आम्ही एकाच गल्लीत वाढलेलो, ती मला लहानपणापासून अरेतुरे करायची. सुपातून मान वर न काढता म्हणाली, "तुह्यं तोंड मी पाहून राह्यली होती. बंद होतं."

"घसा बसला होता माहा," मी म्हणालो. ज्याचा आवाज गेला होता त्याच्यासमोर मी हे म्हणालो. आणि त्यानं मान हलवून विचारलं, "औषध घेतलं काय?"

त्याचा आवाज बोलण्यापुरता परत आला, पण घोगरा. गाताना टिकत नसे. लहान पोरं त्याला फाटका भोंगा म्हणू लागली, हे नाव आमच्यातल्याच एकानं शिकवलं होतं. तो विहारात यायचा बंद झाला. पार्टीला दुसरा गायक मिळाला नाही. आम्ही सतरंजीवाले काही दिवस जुन्या गायकाच्या आठवणी काढत बसलो, मग तेही संपलं. पावसाळ्यात तिला मुलगी झाली. खरिपाचं पीक घरात आल्यावर तो बायको-मुलीला घेऊन आपल्या गावी जायला निघाला. म्हातारा तुकडा सोडून यायला तयार नव्हता, तो मागं राहिला.

ते निघाले त्या सकाळी मी केनवडच्या फाट्यावर होतो. माझी नोकरीची ऑर्डर आली होती आणि मी वाशीमला निघालो होतो. तो एका हातात पत्र्याची पेटी आणि खांद्यावर वळकटी घेऊन आला. मी पेटी हातात घेतली. त्यानं घेऊ दिली.

गाडीला वेळ होता. वळकटी खाली ठेवून तो म्हणाला, "भाऊ, तिकडं आमच्या गावात पार्टी उभी राहून राह्यली. आवाज थोडा थोडा येऊन राह्यला मले. बसू काय मी? तुमाले गान्यातलं समजते."

"बसा," मी म्हणालो. "तुमच्या पट्टीत गा. तुमी चांगले गाता." यातला एक शब्दही खोटा नव्हता.

तिनं मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आवाज चढवला नाही. "याच्या म्हनन्यावर आता काही करू नोका," ती नवऱ्याला म्हणाली. "काळी चार यानंच सांगतली अन् तोंडही यानंच बंद ठिवलं. सारे मिळून बसले होते ते. गल्लीत साऱ्याईले मालूम हाय, तुमालेच नाही."

तो तिच्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं.

"काहून भाऊ?" त्यानं विचारलं.

त्यांची गाडी आली. धूळ खाली बसेपर्यंत तो उभा होता, लोक आमच्या दोन्ही बाजूंनी चढत होते. कंडक्टरनं हाक मारली. मग त्यानं माझ्या हातातली पेटी काढून घेतली, बायकोला आधी चढवलं आणि तिच्यामागं तो चढला.