अर्धं बियाणं, अर्धा कडबा

चार माणसांनी पैसे एकत्र टाकले की नफा किती झाला ते पुढं कुणाला आठवत नाही. किस्से मात्र साठत जातात. चहाला दोन माणसं जास्त जमली की एकातून दुसरा निघतो आणि घरातून जेवायची हाक येईपर्यंत थांबत नाही.

परवा माझा पुण्याचा भाचा आला होता. तो कसल्याशा हेज फंडात नोकरीला आहे. मी विचारलं, "म्हणजे करता काय तुम्ही?"

"मामा, लोकांचे पैसे दोन्ही बाजूंनी लावायचे. एकीकडं मार बसला तर दुसरीकडं सावरतं. फार डोक्याचं काम आहे!"

मी म्हटलं, "अरे, आमच्या लोहाऱ्यात हे काम करीमभाई लुंगी नेसून करायचे!"

*

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. करीमभाईंचं बाजारात बियाण्याचं आणि कडब्याचं दुकान होतं. आम्ही तिघांनी त्यांच्याकडं पैसे लावायला दिले. मी शाळामास्तर, मला सायकल घ्यायची होती. महादू शिंप्याला दुसरं मशीन हवं होतं. खरी गरज होती ती सरकारी दवाखान्यातल्या कांबळे कंपाउंडरांना. त्यांची सुजाता मॅट्रिक पास झाली होती आणि तिला सोलापूरला नर्सिंगला घालायचं होतं. त्यांच्या घरात एवढी शिकलेली ती पहिलीच.

करीमभाईंची पद्धत सोपी. निम्म्या पैशाचं बियाणं, निम्म्याचा कडबा.

"पाऊस पडला तर लोक बियाण्याला पळत येत्याल, न्हाय पडला तर कडब्याला. पळत तर येणारच!"

अट एकच होती. पोळ्यापर्यंत पैसे परत मागायचे नाहीत.

*

महादूला दम निघेना. रोज दुकानात जाऊन विचारायचा, "भाव काय झाला?" एक दिवस उतरला म्हटल्यावर त्याचा धीरच सुटला. "माझा वाटा आत्ताच्या आत्ता द्या," म्हणून हटून बसला.

करीमभाई शांतपणे म्हणाले, "पैसे कुठं हायती आता? पैशाचा कडबा झालाय. तोच घेऊन जावा."

आणि खरोखर गाडी भरून त्यांनी महादूच्या वाट्याचा कडबा त्याच्या दुकानाच्या दारात उतरवला! गिऱ्हाइकाला आत जायला वाट राहिली नाही. गावातली मोकाट जनावरं मात्र बरोबर पोचली. एका गाईनं कडब्यासोबत पोलीसपाटलांनी शिवायला टाकलेल्या नव्या सदऱ्याची बाहीसुद्धा खाल्ली.

दुपारी महादू पळत आला. "करीमभाई, पाया पडतो, ही संपत्ती परत न्या!"

*

आमचं बरं चाललंय हे बघून एका सोसायटीचे चेअरमन मुद्दाम भेटायला आले. त्या काळात आमच्याकडं कुठं चार पोती एकत्र दिसली की तिथं सहकारी संस्था निघायची.

चेअरमन म्हणाले, "रजिस्टर करून टाका. तुमाला संचालक करतो. म्या चेअरमन व्हतो. पुढं जीप मिळंल."

करीमभाईंनी विचारलं, "आन कडबा कोण बघणार?"

"त्याला सेक्रेटरी नेमू की!"

"आन बुडालं तर?"

"आपण कशाला बुडतोय? बुडायच्या टायमाला सरकार प्रशासक पाठवतंय!"

करीमभाईंनी त्यांना चहा पाजला आणि एस.टी.पर्यंत सोडून आले. गाडी हलेपर्यंत ते तिथंच उभे होते. परत आल्यावर म्हणाले, "उतरून माघारी येत्याल म्हणून थांबलो!"

*

त्याच साली पावसानं दडी मारली. पाऊस यावा म्हणून महादेवाचा गाभारा पाण्यानं भरायची आमची रीत, पण आता भरायलाच पाणी नव्हतं! मुसलमान मंडळी ईदगाहावर पावसासाठी दुवा मागायला निघाली. त्यात करीमभाई सगळ्यात पुढं.

महादूला राहवलं नाही. "करीमभाई, कडब्याला सोन्याचा भाव येतोय. गंजी आपली भरलेली. आन तुमी पाऊस मागाय निघालाय?"

करीमभाई थांबले.

"मग निम्मं बियाणं कशाला घेतलंय, शिंपीदादा? खुदापुढं खोटं बोलाय लागू नये म्हणून!"

*

दुवा मागूनही पाऊस आला नाही. बियाणं तसंच पडून राहिलं. सगळी भिस्त कडब्याच्या गंजीवर आली.

सोसायटीनं गावाबाहेर जनावरांची छावणी काढली होती. तिथला चारा संपला. जनावरांचं हंबरणं बाजारापर्यंत ऐकू यायचं. छावणीला कडबा द्यायचा तर सरकारी भावानं, त्यात आमचं मुद्दल कसंबसं सुटलं असतं. आणि त्याच दिवशी बार्शीचा एक व्यापारी ट्रक घेऊनच हजर झाला. सुजाताची फी भरायची मुदत तोंडावर आली होती.

करीमभाई म्हणाले, "माझा कडबा असता तर म्या कवाच छावणीला दिला असता. हा तुमचा हाय. दुसऱ्याच्या पैशावर म्या धर्म करू का? ज्याला पैशाची गरज जास्त, त्यानं सौदा करावा."

आमच्या बाजारात सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी हात रुमालाखाली घालायचे, बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडातून अक्षर काढायचं नाही. बघणाऱ्याला काही कळत नसे.

कांबळे पुढं झाले. आयुष्यात पहिल्यांदाच रुमालाखाली हात घालत होते. करीमभाईंनी त्यांना बोटांची रीत दोनदा समजावून दिली.

व्यापारी आधी हसला. मग त्याचं हसू गेलं. त्यानं पुन्हा विचारल्यासारखा हात हलवला. कांबळ्यांचा चेहरा होता तसाच. शेवटी व्यापाऱ्यानं झटक्यात हात बाहेर काढला.

"अहो, कडबा विकताय का माझा ट्रकच मागताय?"

ट्रक रिकामाच गेला. दुपारी आमचा कडबा सरकारी भावानं छावणीत पोचला. सुजाताचं त्या वर्षीचं नर्सिंग हुकलं, ती पुढच्या वर्षी गेली. मला फार वाईट वाटलं होतं. महादू तर चिडून आठवडाभर कुणाशी बोलला नाही.

छावणीतून परत येताना करीमभाईंनी हळूच विचारलं, "कंपाउंडर, पयलाच सौदा तुमचा. बोटं चुकली व्हय?"

कांबळे म्हणाले, "करीमभाई, इतकी वर्षं लोकांस्नी औषध मोजून देतोय. थेंब चुकला न्हाय माझा."