लाल गाडीची दुसरी चावी

बॉनेटवर हात ठेवला आणि समजलं, आम्ही यायच्या आधी कुणीतरी ही गाडी चालू करून ठेवली होती.

"शेठ, गाडी गरम आहे," मी म्हणाले.

"ऊन किती आहे मॅडम," जालना रोडचा तो डीलर म्हणाला.

"गाडी शेडखाली आहे."

तो हसला, मीही हसले. या धंद्यात एकमेकांवर रागावून चालत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा तोंड बघायचं असतं. "उद्या सकाळी येते. तोवर हात लावू नका," असं सांगून मी निघाले. माझ्यासोबत आलेला संदीप मात्र करड्या रंगाच्या त्या गाडीभोवती अजून एक चक्कर मारत होता.

मी वापरलेल्या गाड्या तपासून देते. घ्यायची की नाही ते ग्राहकानं ठरवायचं; गाडीत काय आहे आणि काय लपवलंय ते मी सांगायचं. आधी बरीच वर्षं एका शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला होते, आता स्वतःचं काम आहे. आजही फोनवर "साहेबांना द्या" म्हणतात. मी "बोलतेय" म्हणते आणि पलीकडचा नंबर पुन्हा विचारून घेतो. आणखी एक गंमत सांगते. शहरात मी चालवली नाही अशी गाडी सापडणं कठीण, पण घरी माझी स्वतःची एक स्कूटर आहे. बस, तेवढंच.

डिझेल गाडी थंड असतानाच बघायची, हा माझा पहिला नियम. गरम इंजिन पटकन चालू होतं आणि गुणी वागतं. त्याचा खरा स्वभाव सकाळी कळतो. डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागतो, तो विझेपर्यंत थांबायचं, मग चावी फिरवायची आणि सायलेन्सरकडं बघायचं. थोडा काळा धूर चालतो. निळा किंवा पांढरा धूर येतच राहिला तर पाया पडून निघायचं.

संदीप वाळूजच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, मूळचा पिशोरचा. दर शनिवारी आईला भेटायला गावी जातो. ट्रेनी म्हणून लागला तेव्हा त्याच्या मॅनेजरकडं एक लाल हॅचबॅक होती. लहान गाडी, पण डिझेल, टर्बो असलेली, रुंद टायरांची. संदीप आपली मोटरसायकल मुद्दाम तिच्या शेजारी लावायचा. पुढं बहिणीचं लग्न झालं, घर झालं, वडिलांचं ऑपरेशन झालं. आणि गाडी घेण्याची ऐपत आली तोवर धुराचे नवे नियम आले. कंपन्यांनी या लहान डिझेल गाड्या बनवणंच बंद केलं. आता ज्या आहेत त्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या पोरांनी घाटात मारून संपवल्या आहेत. त्याची बायको मला फोनवर म्हणाली होती, "ताई, ह्यांच्या मोबाईलवर माझा फोटो नाय, त्या गाडीचा हाय. एकदाची घेऊन द्या."

शोधून शोधून दोन बऱ्या गाड्या सापडल्या होत्या. डीलरकडची करडी एका कंपनीची, आणि पडेगावची लाल दुसऱ्या कंपनीची. लाल म्हणजे मोबाईलवरचंच मॉडेल.

दुसऱ्या दिवशी करडी थंडगार मिळाली. अर्ध्या चावीत चालू झाली. डाव्या बाजूचा पत्रा एकदा रंगवलेला, बाकी शाबूत. क्लच जड, स्टिअरिंग जड, मागं बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला. पण हायवेला अशी बसते की शंभरच्या पुढं गेलो हे काट्याकडं बघितल्यावरच कळतं. डीलरनं मागितल्याबरोबर दोन्ही चाव्या काढून दिल्या.

दोन्ही चाव्या मागणं हा माझा दुसरा नियम. गाडी चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले आधी दोन्ही चाव्या मागतात. एक नसेल तर प्रश्न विचारून जीव नकोसा करतात.

"कशी वाटली?" मी संदीपला विचारलं.

"चांगली हाय."

"मग?"

"लाल बघू ना ताई."

पडेगावात काझीसाहेबांच्या घरासमोर पत्र्याच्या शेडमध्ये लाल उभी होती. काझीसाहेब पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, हातात काठी. विक्रीची जाहिरात त्यांच्या हैदराबादच्या मुलानं टाकली होती. शेजारी राहणारा भाचा गाडीची चावी घेऊन आला, मला दिली आणि कामावर निघून गेला. चावी भाच्याकडं का, ते काझीसाहेबांनी स्वतःच सांगितलं.

"शुगर है. पांव सुन्न पड गया. ब्रेक पे है के नई, समझ में नई आता. एक दिन गल्ली के मोड पे बकरी बच गई. बकरी थी, इसलिए बता सकता हूं." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "बेटे ने उसी दिन चाबी भांजे को दिलवा दी. सही किया."

मी गाडी बघायला लागले. गेल्या सगळ्या सर्व्हिसची बिलं क्रमानं लावलेली. स्टेपनीशेजारी जॅक, जॅकखाली फडकं. जादा बल्ब कापसात गुंडाळून डबीत ठेवलेले. अशी गाडी दिसली की मला चहा न पिताच तरतरी येते. थंड स्टार्ट एका झटक्यात झाला, धूर नावाला. तक्रार काढायची म्हणून एकच निघाली: टायर. नक्षी भरपूर होती, पण रबर जुनं होऊन बाजूनं बारीक तडे गेले होते. न चालणाऱ्या गाडीचं असंच होतं. टायर काय, बदलता येतात.

पण आणखी काही गोष्टी माझ्या नजरेला पडल्या. शेवटच्या बिलावरचं किलोमीटरचं रीडिंग आणि आजचं रीडिंग जवळपास एकच, म्हणजे गाडी कित्येक महिने हललेली नव्हती. तरी बॅटरी नवी टाकलेली. स्टिअरिंगवर धूळ नाही. आणि दाराच्या खिशात घडी घालून ठेवलेला पेपर त्याच दिवसाचा होता.

"दुसरी चावी, काझीसाहेब?"

"गुम गई," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता.

जादा बल्ब कापसात ठेवणाऱ्या माणसाची चावी हरवत नाही. मी पेपर परत दाराच्या खिशात ठेवला.

टेस्ट ड्राइव्हला विकणारा सोबत नको, हा तिसरा नियम. तो रस्ताभर बोलतो आणि गाडीचे आवाज ऐकू देत नाही. पण काझीसाहेब काठी घेऊन आधीच मागच्या दाराशी जाऊन उभे राहिले होते. त्यांना नको म्हणायला माझी जीभ उचलेना. संदीपनं चालवायला घेतली, मी नेहमीसारखी मागं बसले. खडखडाट मागच्या सीटवरच नीट ऐकू येतो. शेजारी ते.

दौलताबाद ओलांडलं आणि घाट लागला. टर्बो डिझेलचं असं असतं, की इंजिनच्या फेऱ्या कमी असताना ती जरा विचारात पडते. तुम्ही पाय दाबता आणि काहीच होत नाही. मग दोन हजाराच्या आसपास काटा गेला की पाठीला हात लावून कुणीतरी पुढं ढकलावं तशी उठते. संदीपला ते माहीत होतं, पण फक्त व्हिडिओ बघून. पहिल्या वळणावर चुकला, दुसऱ्यावर सुधारला. तिसऱ्या वळणातून गाडी सेकंडमध्ये अशी काही निघाली की तो सीटवर पुढं सरकून बसला. आरशात मला त्याचे डोळे दिसत होते. इतकी वर्षं ज्याचा फोटो बघितला, ते हाताखाली आल्यावर माणूस कसा दिसतो ते मी त्या दिवशी बघितलं. मला उगाच भरून आलं.

मी खडखडाट ऐकायला म्हणून खाली वाकले आणि काझीसाहेबांच्या पायाकडं लक्ष गेलं. वळण आलं की त्यांचा उजवा पाय मॅटवर दाबला जाई. वळण सुटताना किंचित उचलला जाई आणि पुन्हा दाबला जाई. संदीपच्या अगदी बरोबर. एक-दोन ठिकाणी त्याच्याही आधी. स्वतःच्या पायाचं त्यांना कळत होतं की नाही, मला माहीत नाही. ते खिडकीबाहेर बघत होते.

परत येताना रस्त्यात चहाला थांबलो. काझीसाहेब गाडीतच बसून राहिले. संदीप म्हणाला, "ताई, झालं. हीच."

"गाडी उत्तम आहे. पण दुसरी चावी मिळाल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत."

"नवी बनवून घेऊ की. लॉकसेट बदलू."

"चावी हरवलेली नाही. त्यांच्याकडंच आहे."

कशावरून, असं त्यानं विचारलं. मी पेपरचं सांगितलं, बॅटरीचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, मग तो जरा चिडलाच. "म्हंजी मी नाय घ्यायची का? त्यांच्या पोरानंच काढली ना विकायला? मी काय हिसकावून घेतोय का?"

"मी तसं म्हटलं नाही. दोन चाव्या मागायच्या, एवढंच म्हटलं."

खरंच, मी त्याला अडवायला नव्हतेच. गाडी त्यानं घ्यावी असंच मला वाटत होतं. काझीसाहेबांच्या मुलाचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर असलं की माझ्यासारखीला फार त्रास होतो. इंजिनचा बिघाड परवडला.

रविवारी सकाळी आम्ही पुन्हा पडेगावला गेलो. मुलाशी फोनवर व्यवहार ठरला होता. चहा आला. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "काझीसाहेब, दुसरी चावी सापडली का?"

त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. मग शर्टाच्या खिशात हात घातला आणि चावी काढून टीपॉयवर ठेवली. ठेवली, पण वरचं बोट तसंच राहिलं.

"चलाता नई हूं बेटा," ते संदीपला म्हणाले. "हॅंडब्रेक खिंच के रखता. बस, अंदर बैठता. पेपर पढता, थोडा रेडिओ सुनता. घर में भी रेडिओ है, मगर..." पुढचं त्यांनी सोडून दिलं आणि चावीवरचं बोट उचललं. "लेव. अच्छी गाडी है. संभाल के चलाना."

मी संदीपकडं बघितलं. तो चावीकडं बघत होता. हात पुढं आला, टीपॉयपर्यंत गेला, आणि त्यानं चहाचा कप उचलला.

"चाचा, टायर लई जुने झालेत हो," तो म्हणाला.

"मालूम है."

"चारीच्या चारी बदलावे लागतील."

"हौ, लगेंगे."

"मग नाय जमायचं, चाचा."

काझीसाहेबांनी त्याच्याकडं नीट बघितलं. माझ्या तर तोंडात चहा तसाच राहिला. टायरसाठी कुणी गाडी सोडत नाही, हे त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. शेवटी ते म्हणाले, "हां. टायर का तो प्रॉब्लेम हैच." चावी परत खिशात गेली. मग त्यांनी आतून बिस्किटं मागवली आणि आम्हाला ती संपवेपर्यंत उठू दिलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मोबाईलवर फोटो लावून बसला होतात ना?"

"व्हय." त्यानं मोटरसायकलला किक मारली, लागली नाही, पुन्हा मारली. "ताई, मला नसायची सवय हाय. त्यांना नाय."

मग त्यानं करडी घेतली. तिच्यात वाईट काही नाही. हायवेला उत्तम आहे, बायको खूश आहे, आई मागं बसत नाही म्हणून गुडघ्यांचाही प्रश्न येत नाही. मोबाईलवरचा फोटो मात्र अजून लालचाच आहे, हे मला बायकोनंच सांगितलं.

पिशोरला जायचा त्याचा रस्ता पडेगाववरूनच आहे. पहिल्या शनिवारी तो म्हणे नुसता शेडकडं बघून गेला. पुढच्या शनिवारी थांबला. काझीसाहेबांना म्हणाला, डिझेल गाडी अशी उभी ठेवू नये, इंजेक्टर जाम होतात. त्यात खोटं काही नाही, सांगितलं मीच होतं. तेव्हापासून शनिवारी करडी त्यांच्या दाराशी उभी राहते आणि लाल घाटापर्यंत जाऊन येते. संदीप पुढं, काझीसाहेब मागं. टायर नवे टाकले आहेत, काझीसाहेबांनीच. हैदराबादहून मुलाचा कधीतरी मला फोन येतो, गिऱ्हाईक आहे का म्हणून. मी सांगते, डिझेलला सध्या मागणी कमी आहे. तेही खरंच आहे.

मागच्या शनिवारी मला घाटावरच्या एका गावात जीप बघायची होती. संदीप म्हणाला, चला सोबत. मी मागं काझीसाहेबांच्या शेजारी बसले. गाडी घाटाला लागली, पहिलं वळण आलं. सवयीनं मी खडखडाट ऐकायला खाली वाकले. त्यांचा पाय मॅटवर दाबलेला होता. शेजारी दुसरा एक पाय तसाच दाबलेला होता, आणि तो माझा होता.

तेव्हा गाडी घेणाऱ्यांना माझा सल्ला एवढाच. दोन गाड्यांत ठरत नसेल तर दोन्ही थंड असताना बघा, चाव्या दोन्ही मागा आणि एकदा मागच्या सीटवर बसून घाट चढा. खडखडाट कुठून येतो ते तिथंच कळतं.