हरणी बसली की गावाने पाठ फिरवायची

नंदुरबारचा अनीसमियाँ चाबूकस्वार कामाचा पक्का आणि तोंडाचा फटकळ. घोड्याला चाल शिकवायची, अंगावर स्वार घ्यायला शिकवायचं, ढोलताशापुढे बिचकू नये म्हणून त्याचे कान तयार करायचे, हा त्याचा चाळीस वर्षांचा धंदा. कुणी घोडा बघायला बोलावलं की तो आधी मालकालाच नखशिखांत न्याहाळायचा आणि म्हणायचा, "पहिले याले लगाम घाला." लोक हसत. मालकही हसे, कारण पुढचे पंधरा दिवस याच्यावाचून त्याचं अडणार असे.

पण काळ बदलत चालला होता मेला. शहाद्याला भाड्याची मोटार आली होती, आणि नवरदेव तीत बसवून नेण्याची टूम निघाली होती. मोटारीला कोण चाल शिकवणार? गेल्या लगीनसराईत अनीसमियाँला अवघी तीन बोलावणी आली होती. यंदा वैशाख तोंडावर आला तरी एकच आलं, कळसाडीहून, सुपडू पाटलाकडून.

पाटलाने थोरल्या चुडामणचं लग्न प्रकाशा गावात ठरवलं होतं आणि त्यासाठी सारंगखेड्याच्या जत्रेतून घोडी आणली होती. नाव हरणी. पांढरी स्वच्छ, मान अशी ताठ की बघत राहावं. घेताना पाटलाने दात पाहिले, अंगावरचे भोवरे पाहिले, खूर उचलून पाहिले, पण कुठे खोट म्हणून सापडली नाही. खोट निघाली कळसाडीत आल्यावर. ही घोडी बसायची! अंगावर स्वार असला आणि भोवती माणसं जमली, की पुढचे पाय मुडपून भर रस्त्यात खुशाल बैठक मारायची.

"हाई घोडी नही शे, पाहुणी शे," पाटलाचा मेहुणा रतिलाल म्हणायचा. त्याचं मोटारीवर मन बसलं होतं. भाचा मोटारीतून गेला म्हणजे मामा पुढच्या सीटवर, हा त्याचा साधा हिशोब.

अनीसमियाँ आला तेव्हा लग्नाला पंधरा दिवस उरले होते. पाटलाने त्याला ओट्यावर बसवून सरळच सांगितलं, "अनीसमियाँ, दखा. प्रकाशाले याहीना दारशी हाई घोडी बठनी, तं मन्ही इज्जत गई. मंग धाकला दोन्ही पोऱ्या मोटारमा जातीन. आनि आजूबाजूना समदा पाटील मन्हंच दखतस, हाई तुमले ठाऊक शे."

ठाऊक नसायला काय झालं? पाटलाने मोटार केली की आजूबाजूचे सगळे मोटार करणार. तोंडाने मात्र तो म्हणाला, "घोडी चालत जाई. मन्ही जबान शे." आणि मग मनात स्वतःलाच चार शिव्या हासडल्या, कारण घोडी अजून पाहिलीसुद्धा नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने हरणीला तापीकाठच्या रेतीत नेलं. काय सांगावं! घोडी लोण्यासारखी चालली. दुडकी, चौखूर, जे मागावं ते. एकदासुद्धा बसली नाही. अनीसमियाँ मिशीवर ताव देत तिला घेऊन गावात शिरला. चौकात दहा माणसं पारावरून उठून पुढे आली, आणि हरणी बसली. अनीसमियाँ वरच. त्याचे पाय जमिनीला टेकले तेव्हा त्याला वाटलं, ही धरणी आत्ता दुभंगावी.

मग गावाची धावपळ. कौसाबाई, म्हणजे पाटलाची बायको, घरातून पळत आली. शेजारची म्हातारी जमनाबाई "माय वं, भूक लागनी व्हई बिचारीले" करत गुळाचा खडा घेऊन आली. कुणी पाठ थोपटली, कुणी गाल कुरवाळला, कुणी हरभऱ्याची मूठ पुढे केली. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं खोगीर बोचतं, कुणी म्हणालं चुडामणच्या वजनाची धास्ती घेतलीय. चुडामण जवळच होता बिचारा, त्याने त्या दिवसापासून रात्रीचं जेवण सोडलं.

अनीसमियाँने सगळे उपाय केले. खोगीर बदललं, पोटाखालचा तंग सैल केला, चाबूक हवेत फटकारला. एकदा तर रागाच्या भरात घोडीच्या पुठ्ठ्यावरही ओढला. हरणी उठली, चार पावलं चालली, पुढच्या दारापाशी माणसं दिसली तशी पुन्हा बसली. आणि चाबूक ओढल्याबद्दल जमनाबाईने त्याला असं काही सुनावलं की त्याने चाबूक पाठीमागे लपवला. वर तिने हरणीला दोन खडे जास्त दिले. आठवडा गेला. रतिलाल शहाद्याला जाऊन मोटारवाल्याशी बोलूनही आला.

उकल केली ती कुत्र्याने. पाटलाच्या दारात भुऱ्या नावाचा एक कुत्रा होता. अनीसमियाँ आल्या दिवसापासून तो त्याच्यावर भुंकायचा. भुंकला की कौसाबाई आतून "गप रे मेल्या!" म्हणून भाकरीचा तुकडा भिरकावायची, की हा गप्प. आठव्या सकाळी अनीसमियाँ डोक्याला हात लावून ओट्यावर बसला होता. भुऱ्या त्याच्या पायाशी लोळत होता, चांगला शेपूट हलवत. तव्यावरची पहिली भाकरी उतरल्याचा वास आला, तसा तो उठला, शहाण्यासारखा दोन हात लांब गेला आणि अनीसमियाँवर भुंकायला लागला. भुंकत अनीसमियाँवर होता, पण बघत होता स्वयंपाकघराच्या दाराकडे!

भाकरीचा तुकडा आला. भुऱ्याने तो खाल्ला आणि परत येऊन पायाशी लोळला.

"या अल्ला!" अनीसमियाँ एवढ्याने ओरडला की पाटील तोंड धुताधुता बाहेर आला. "पाटील, घोडीना काई गुन्हा नही! गावना गुन्हा शे! तुम्ही समदा तिले बठाना पगार दी ऱ्हायनात!"

पाटलाला पटायला तासभर लागला. गावाला पटायला त्याहून जास्त. जमनाबाईला तर ते कधी पटलंच नाही. मुक्या जिवाला गूळ देणं हा गुन्हा कसा, म्हणून ती शेवटपर्यंत भांडली. पण पाटलाने दवंडी पिटवली: हरणी बसली की कुणी जवळ जायचं नाही, च् च् करायचं नाही, तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. सगळ्यांनी पाठ फिरवून उभं राहायचं. आपली आपण उठून ती दहा पावलं चालली, की गूळ अनीसमियाँ देईल.

घोडी शिकवणं सोपं हो, गाव शिकवणं कठीण! पहिल्या दिवशी सगळ्यांनी पाठी फिरवल्या, पण माना घोडीकडेच. जमनाबाई तर पाठ करून उभी, आणि तिचा एक हात मागे, हातात गूळ. शेवटी अनीसमियाँने युक्ती काढली. जो नीट पाठ फिरवील त्याला पाटलाकडून एक बिडी, बायांना सुपारी. दुसऱ्या दिवशी चौकात ही गर्दी! सगळे पाठ फिरवायला अगदी टपून बसलेले. हरणी थोडी विचारात पडली आणि बसलीच नाही. तर लोक चिडले! "बठ ना वं," म्हणून एकाने तिला मागून ढोसलं.

अनीसमियाँने कपाळावर हात मारला. त्याने तीच चूक केली होती, गावभर: घोडी बसली तरच बिडी. त्या दिवसापासून बिडी मिळायची ती घोडी न बसता वेशीपर्यंत गेली तरच. मग मात्र गावाचा जीव घोडीच्या पायांत अडकला. हरणी बसली की शंभर पाठी एका झटक्यात फिरायच्या, कुणी खोकायचंसुद्धा नाही. घोडी इकडे बघायची, तिकडे बघायची. कुणी विचारीना. मग नाक फेंदारून उठायची आणि चालू लागायची. लग्नाच्या आदल्या दिवशी ती चौकातून तीनदा गेली आणि एकदाही बसली नाही.

प्रकाशाला वऱ्हाड गेलं ते गाड्या जुंपून, सगळं कळसाडी. मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत हरणी अशी ऐटीत चालली की पाटील मुंडाशाखाली फुलून गेला. वर चुडामण, पंधरा दिवसांत निम्मा झालेला. पुढे अनीसमियाँ, दर दहा पावलांना गूळ देत. त्याची पिशवी रिकामी झाली तेव्हा मांडव चाळीस पावलांवर होता. चालेल, तो म्हणाला मनात, एवढ्याला काय होतंय.

मांडवाच्या दाराशी नवरीकडची दोनशे माणसं उभी होती. नवी माणसं, न शिकवलेली. त्यांना बघितलं आणि हरणीला जुने दिवस आठवले. ती बसली.

आणि कळसाडीने पाठ फिरवली. कुणाला सांगावं लागलं नाही. पाटील फिरला, जमनाबाई फिरली, ढोलवाले वाजवता वाजवता फिरले. सगळं वऱ्हाड, व्याह्याच्या दारात, व्याह्याकडे पाठ करून, तोंडातून शब्द न काढता उभं!

प्रकाशाचे लोक आधी एकमेकांकडे बघायला लागले. मग नवरीचा काका गरजला, "तुम्ही आमले पाठ दावतस? आमना दारशी?" काठ्या शोधायला माणसं पळाली. आणि त्या गोंधळातून नवरीची आई गजराबाई ओवाळणीचं ताट घेऊन पुढे आली. त्या बाईला कशाची खबर? घोडी बसलेली बघून तिचं मन कळवळलं. ताटात घोडीसाठी रिवाजाचा गूळ होता, मोठा ढेकळाएवढा. तो तिने उचलला.

अनीसमियाँने ते पाहिलं. आत्ता हा गूळ हरणीच्या तोंडात गेला की पंधरा दिवस मातीत, आणि त्याबरोबर आपणही. पाटलाच्या होणाऱ्या विहिणीचा हात धरायचा? लोक जिवंत सोडणार नाहीत. काय बोलायचं? बोलायला वेळ नव्हता. त्याने झेप घेतली, गजराबाईच्या बोटांतून गूळ काढला आणि अख्खाच्या अख्खा आपल्या तोंडात कोंबला.

काका थांबला. काठ्यावाले थांबले. साठीचा माणूस, पांढरी दाढी, गाल टम्म फुगलेले, मिशीवरून गुळाचा पाक ओघळतोय, आणि दोन्ही हात जोडून तो गजराबाईला खुणेने विनवतोय की माय, जरा थांब. गजराबाई थांबली. का कोण जाणे, पण थांबली, आणि खुणेप्रमाणे तिनेही पाठ फिरवली.

हरणीने समोर पाहिलं, मागे पाहिलं. सगळ्या पाठीच पाठी. तिने एक मोठा उसासा टाकला, पुढचे पाय टाकले आणि चुडामणला घेऊन उभी राहिली.

आता हिला द्यायचं काय? पिशवी रिकामी, गूळ तोंडात. अनीसमियाँने आपला चिकट पंजा तिच्यापुढे धरला. तिने तो चाटला आणि एक पाऊल टाकलं. तो मागे सरकला, तिने आणखी एक टाकलं.

"बठनी ना पन!" मागून रतिलाल ओरडला. "मी म्हणत व्हतू, मोटार करा!"

गजराबाई गर्रकन वळली. "ओ मामा, मोटार दारशी बंद पडनी तं ती आपली आपन उठस का?"

आधी प्रकाशा हसलं, मग पाठ फिरवलेलं कळसाडी हसलं, आणि नवरीच्या काकाने हातातली काठी टाकून पाटलाला मिठी मारली. पाटलाने त्या मिठीतूनच मान काढून सांगितलं, "अनीसमियाँ, धाकला दोन्हीस्ना लगीनले बी तुम्हीच या."

अनीसमियाँला यावर पुष्कळ बोलायचं होतं. पण तोंडात अजून निम्मा गूळ होता. म्हणून त्याने नुसती मान हलवली, आणि हात हरणीच्या जिभेपुढे धरून, सगळ्यांच्या देखत, उलटा उलटा मांडवाकडे चालत राहिला.