दस्त्याखालचे दोन स्क्रू

दादा गेल्याची बातमी धंतोलीच्या दवाखान्यातून शेजाऱ्यांच्या फोनवर आली, तेव्हा मी त्याचाच सदरा दोरीवर वाळत घालत होते. ओल्या बाहीला जवसाच्या तेलाचा वास होता... उग्र, किंचित गोड, कितीही धुतला तरी न जाणारा. महिना उलटला, आता तोही विरला आहे.

माझा हा थोरला भाऊ लष्करी वर्कशॉपमध्ये आयुष्यभर बंदुका दुरुस्त करून निवृत्त झाला. पुढे लोक त्याच्याकडे महायुद्धातल्या, दुर्बीण लावलेल्या नेमबाजांच्या रायफली पारखायला आणू लागले. साध्या रायफलीवर दुर्बीण चढवून ती नेमबाजाची म्हणून खपवणारे पुष्कळ. अस्सल रायफलीच्या लाकडी दस्त्यावर तिच्याच दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे. दस्त्याला चोळलेले जवसाचे तेल जुन्या अंकांच्या तळापर्यंत मुरून ते लाकडाइतकेच काळवंडत. मागाहून ठोकलेले अंक ताज्या ओरखड्यासारखे फिकट राहत. दादा त्यांवरून डोळे मिटून अंगठ्याचे नख फिरवी, लाकूड हुंगे, आणि शेवटी दोन स्क्रू काढून दस्त्याच्या टोकाची लोखंडी पट्टी उघडी. तुटलेला दस्ता वर्कशॉपमध्येच बदलून अंक नव्याने ठोकले असतील, तर त्याची खूण पट्टीखाली सापडे; मग फिकट अंकही खरेच. ते स्क्रू काढल्याविना त्याने निकाल दिला नाही... एकदा सोडून.

तोवर मोतीबिंदूने त्याची नजर झाकोळली होती, आणि हे फक्त मला ठाऊक होते. एका पलटणीच्या संग्रहालयात एक रायफल काचेच्या कपाटात ठेवायची होती, खाली जरीपटका वस्तीतल्या हवालदार शामरावांच्या नावाची पाटी लावून. युद्धात हीच आपल्या खांद्यावर होती, असे ते सांगत. पारखणीच्या दिवशी ते मुलाला घेऊन, कडक इस्त्रीच्या कपड्यांत संग्रहालयात आले होते. भोवती बघ्यांची गर्दी होती.

"रंग कसा हाये? नीट पाहून सांग वं," दादा माझ्या कानाशी पुटपुटला.

"फिकट आहे," मी म्हणाले.

त्याचा हात खिशातल्या पेचकसाकडे गेला, घुटमळला, रिकामाच परत आला. "नकली हाये," तो म्हणाला.

"मिस्त्रीसाहेब, माह्या तीन पावसाळ्यांचा घाम मुरला हाये जी तिच्यात," शामराव म्हणाले.

"घाम तर प्रत्येकच बंदुकीले येते, हवालदार," कोणीतरी मागून म्हणाले, आणि हशा पिकला. मुलाने मान खाली घातली. रायफल पुढे भंगारासोबत भट्टीत गेली.

डोळ्याचे ऑपरेशन झाल्यावर वर्कशॉपमधला एक जुना सोबती दादाला भेटायला आला. दादाने ती हकिकत त्याला गमतीने सांगितली, क्रमांकासकट. सोबत्याच्या हातातला चहा तसाच राहिला. "अबे, तो दस्ता मीच बदलला होता गा. अंकही मीच ठोकले. पट्टीखाली माही खूण नाही पाह्यली काय?"

दादा भिंतीकडे वळला. सोबती निघून गेल्यावर म्हणाला, "पेचकस खाचीत बसलाच नसता. इतक्या लोकाईसमोर तुले बसवायले सांगू? लाज वाटली मले." लाज त्याची होती, 'फिकट' हा शब्द माझा होता. मी रंग बरोबर सांगितला, आणि तेवढ्यानेच एका माणसाचे खरे खोटे ठरले.

आम्ही जरीपटक्याला गेलो. शामरावांनी सगळे शांतपणे ऐकले. "मले तर ठाऊकच होतं जी. माह्या पोराले सांगा." मुलगा आतूनच बोलला, "आता काहून उकरून राह्यले, बाबा? झालं ना आपलं हसू." मग संग्रहालयात गेलो, तर तिथल्या साहेबांनी खांदे उडवले. बंदूकच नाही, तर पाटी कशाखाली लावायची?

दादा गेल्यावर त्याच्या टेबलावर एक कागद सापडला. 'ती रायफल अस्सल होती. चूक माझी.' खाली सही. अक्षरे ओळीवरून घसरत गेलेली... मी तो घेऊन शामरावांकडे गेले. त्यांनी कागदावरून हळूच बोट फिरवले.

"कोणाले दाखवू बाई हे? पोरगा हात लावत नाही. बंदूक राह्यली नाही. मिस्त्रीबी गेला. ठेवा तुमच्याजवळच."

कागद पुन्हा त्याच टेबलावर आहे. त्यावर वजन ठेवले तर तो दाबून टाकल्यासारखे होईल, माझा हात धजत नाही. वैशाखात ती खोली भट्टीसारखी तापते, तरी मी तिथे पंखा लावत नाही.